सरनाम्यात ईश्वराचं नाव: संविधान सभेतलं 17 ऑक्टोबर 1949 चं प्रकरण

भारताच्या संविधानाचा सरनामा 'आम्ही, भारताचे लोक' असा सुरू होतो. त्याच्या आधी 'ईश्वराच्या नावाने' असे शब्द यावेत, अशी उपसूचना 17 ऑक्टोबर 1949 रोजी संविधान सभेत मांडली गेली. तिच्यावर चर्चा झाली, मांडणाऱ्याने ती मागे घ्यावी म्हणून विनवण्या झाल्या, आणि शेवटी हात वर करून मतदान झालं. बाजूने 41, विरुद्ध 68. उपसूचना पडली.

या प्रसंगाच्या दोन सोप्या कहाण्या आपल्याकडे फिरतात. एकीत नास्तिक आणि इंग्रजाळलेल्या पुढाऱ्यांनी देवाला संविधानाबाहेर ठेवलं. दुसरीत देशाने त्या दिवशी धर्माला नकार दिला. सभेचं कामकाज वाचलं की दोन्ही कोसळतात. विरोधात बोलणाऱ्या प्रमुख सदस्यांपैकी कुणीही ईश्वर नाही असं म्हटलं नव्हतं. त्यांचं म्हणणं वेगळं होतं आणि माझ्या मते जास्त खोल होतं. राष्ट्र उभारताना श्रद्धेची जागा नेमकी कुठे, हा प्रश्न इतक्या उघडपणे आपल्या सभागृहात क्वचितच आला असेल, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतो आहे.

पार्श्वभूमी

संविधान सभा 9 डिसेंबर 1946 रोजी भरली. चार दिवसांनी जवाहरलाल नेहरूंनी उद्दिष्टांचा ठराव मांडला. स्वतंत्र भारताची सगळी सत्ता आणि अधिकार लोकांपासून आलेले आहेत, हे त्यात स्पष्ट लिहिलं होतं. ईश्वराचा उल्लेख नव्हता, आणि त्या वेळी त्यावरून वादही झाला नाही. वाद झाला तो घाईवरून. मुस्लिम लीगचे सदस्य सभेत आलेले नव्हते. त्यांच्यासाठी थांबावं, असं मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांनी सुचवलं. 17 डिसेंबरला डॉ. आंबेडकरांनीही तोच सूर लावला. सभेने मत घेणं लांबवलं. लीग आली नाही, पण ठराव जेव्हा 22 जानेवारी 1947 रोजी मंजूर झाला तेव्हा सदस्यांनी उभं राहून तो स्वीकारला. ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण 1949 मध्ये असं थांबणं घडलं नाही.

मधल्या काळात फाळणी झाली. गांधीजींची हत्या झाली. धर्माच्या नावाने माणसं मारली जात असताना, निर्वासितांच्या छावण्या भरलेल्या असताना ही सभा एकेक कलम घासून घेत होती. मे 1949 मध्ये धर्मावर आधारलेल्या राखीव जागांचा विचार सोडून देण्यात आला. म्हणजे मतदार म्हणून माणसाचा धर्म विचारायचा नाही, हे सरनाम्याची चर्चा येण्याआधीच ठरलं होतं.

आणखी दोन प्रसंग या प्रकरणाच्या मुळाशी आहेत.

पहिला 15 नोव्हेंबर 1948 चा. प्रा. के. टी. शहा, मुंबई विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवलेले आणि सभेत बिहारमधून आलेले, यांनी पहिल्याच कलमात भारताला 'धर्मनिरपेक्ष, संघराज्यात्मक, समाजवादी' म्हणावं अशी उपसूचना आणली. ती फेटाळली गेली. आंबेडकरांचं उत्तर मुख्यतः समाजवादाबद्दल होतं: समाजाची आर्थिक घडी कशी असावी हे पुढच्या पिढ्यांनी ठरवावं, संविधानाने त्यांचे हात बांधू नयेत. धर्मनिरपेक्षतेवर त्या उत्तरात फारसं काही आलं नाही.

दुसरा 27 डिसेंबर 1948 चा. राष्ट्रपतींच्या शपथेचा मसुदा चर्चेला आला तेव्हा ईश्वराचं नाव त्यात यावं असा आग्रह महावीर त्यागी आणि हरि विष्णू कामथ यांनी धरला. इथे आंबेडकरांनी तो मान्य केला. काही माणसांना ईश्वराच्या नावाने घेतलेली शपथच नैतिक बंधन म्हणून पुरेशी वाटते, काहींना आपली सदसद्विवेकबुद्धी पुरते, तेव्हा दोघांचीही सोय असावी, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यातून आजचं रूप आलं. आपल्या विधानभवनात नव्या आमदारांचा शपथविधी पाहिला असेल तर आठवेल: एक सदस्य 'ईश्वरसाक्ष शपथ घेतो' म्हणतो, त्याच्या मागून आलेला 'गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो' म्हणतो, आणि दोघे त्याच वहीत सही करून आपापल्या बाकावर जाऊन बसतात. कुणाचं पद कमी-जास्त होत नाही.

या विजयानंतर दहा महिन्यांनी कामथ सरनाम्याकडे वळले.

सीमेपलीकडे काय झालं होतं

17 ऑक्टोबरच्या सात महिने आधी, 12 मार्च 1949 रोजी, कराचीत भरलेल्या पाकिस्तानच्या संविधान सभेने आपला उद्दिष्टांचा ठराव मंजूर केला होता. पंतप्रधान लियाकत अली खान यांनी मांडलेल्या त्या ठरावाची सुरुवातच अशी होती की अखिल विश्वाचं सार्वभौमत्व एकट्या अल्लाहचं आहे, आणि त्याने पाकिस्तानच्या राज्याला तिथल्या लोकांमार्फत जो अधिकार सोपवला आहे तो त्याने घालून दिलेल्या मर्यादेत वापरायची पवित्र ठेव आहे. पूर्व बंगालमधून आलेल्या हिंदू सदस्यांनी उपसूचना आणल्या. श्रीशचंद्र चट्टोपाध्याय आणि भूपेंद्रकुमार दत्त यांची भाषणं आजही वाचवत नाहीत इतकी व्याकूळ आहेत. त्या उपसूचना 21 विरुद्ध 10 मतांनी पडल्या.

दोन्ही सभा एकाच ब्रिटिश कायद्याच्या घडणीतून आलेल्या, दोन्हींकडे वकिलांची फौज, दोन्हींपुढे फाळणीची जखम. म्हणून ही तुलना इतर कुठल्याही देशापेक्षा जवळची आहे. आयर्लंडचं 1937 चं संविधान ख्रिस्ती धर्मातल्या पवित्र त्रैक्याच्या नावाने सुरू होतं, अमेरिकेच्या 1787 च्या संविधानात ईश्वराचं नाव नाही, हे दाखले देता येतात. पण लाहोर आणि ढाक्याच्या नातेवाइकांची पत्रं ज्यांच्या खिशात होती त्या सदस्यांना कराचीत काय चाललं आहे हे कुणी सांगायची गरज नव्हती.

नेमकी अडचण

सरनाम्याच्या मसुद्यात बोलणारा 'आम्ही' आहे. मूलभूत हक्कांची कलमं नागरिकाबद्दल बोलतात: त्याला अमुक स्वातंत्र्य असेल, राज्य अमुक करणार नाही. सरनाम्यात मात्र प्रत्येक नागरिक स्वतः बोलतो. त्याच्या तोंडी काय घालायचं, हा इथला पेच होता.

शपथेचा तोडगा इथे चालणारा नव्हता. शपथ घेणारा एकटा असतो, तो दोनांतला एक पर्याय निवडू शकतो. सगळ्या देशाचा 'आम्ही' एकच. त्यात तिरकी रेघ मारून 'ईश्वराच्या नावाने / सदसद्विवेकबुद्धीला स्मरून' असं लिहिता येत नाही. कामथांची उपसूचना शपथेच्या उपसूचनेसारखी दिसत असली तरी तिचा स्वभाव पूर्ण वेगळा होता.

शिवाय त्या दिवशी सभेपुढे एकच शब्दरचना नव्हती. कामथांची सगळ्यात साधी. शिब्बनलाल सक्सेना यांच्या रचनेत सर्वशक्तिमान ईश्वराच्या प्रेरणेने महात्मा गांधींनी देशाला गुलामीतून स्वातंत्र्याकडे नेलं, असा उल्लेख होता. पंडित मदनमोहन मालवीयांचे चिरंजीव गोविंद मालवीय यांची रचना सगळ्यात विस्तृत: परमेश्वराच्या कृपेने, ज्याला जगातले निरनिराळे लोक निरनिराळ्या नावांनी हाक मारतात आणि जो सगळ्या सत्तेचा मूळ स्रोत आहे.

मालवीयांच्या रचनेतला हा शेवटचा तुकडा फार थोड्या लेखांत दिसतो, आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. उद्दिष्टांच्या ठरावात सत्ता लोकांपासून येत होती. इथे ती परमेश्वरापासून येते. मालवीयांचा हेतू भक्तीचा होता, यात शंका घ्यायचं कारण नाही. पण कायद्याच्या कागदावर सत्तेचा स्रोत बदलला की एक प्रश्न आपोआप उभा राहतो: त्या स्रोताची इच्छा काय आहे हे कोण सांगणार? लोकांची इच्छा निवडणुकीत मोजता येते. परमेश्वराची इच्छा सांगायला कुणीतरी अधिकारी लागतो, आणि तो अधिकारी निवडणुकीला उभा राहत नाही.

समोरचे पर्याय

सरनामा मसुद्याप्रमाणे ठेवायचा, हा एक मार्ग. दुसरा, कामथांच्या साध्या शब्दांत ईश्वराचं स्मरण करायचं. तिसरा, मालवीयांच्या किंवा सक्सेनांच्या भारदस्त रचनेकडे जायचं. आणि चौथा, मत घ्यायचंच नाही: चर्चा ऐकून उपसूचना मागे घ्यायची, म्हणजे ईश्वर हरलाही नाही आणि जिंकलाही नाही असं राहील.

कामथांच्या बाजूला वजन होतं. मंगळूरचे, आयसीएसची नोकरी सोडून सुभाषबाबूंच्या फॉरवर्ड ब्लॉकमध्ये गेलेले, सभेत मध्य प्रांत-वऱ्हाडातून निवडून आलेले हे गृहस्थ हटवादी नव्हते. गीतेतला 'यत्करोषि यदश्नासि' हा श्लोक त्यांनी आधाराला घेतला: जे काही करतोस ते मला अर्पण कर. इतकं मोठं कार्य हातून घडतं आहे तर ते ईश्वराला अर्पण करून सुरू करावं, ही भावना कुठल्याही मराठी घरात कळेल. आपण दुकानाच्या चोपडीवर 'श्री' लिहितो, पत्रिकेवर कुलदैवताचं नाव घालतो. देशाचा कागद तसाच का नको, हा प्रश्न भोळा नाही आणि त्याला तुच्छतेने उत्तर देणाऱ्यांशी मी सहमत नाही.

उत्तर असं आहे की चोपडी आपली असते. तिच्यावर काय लिहायचं हे घरातले ठरवतात आणि घराबाहेरच्या माणसाला तिच्यावर सही करावी लागत नाही. संविधान ज्याच्यावर चालणार आहे त्या प्रत्येकाचं ते आहे. आपल्या देशात जैन आहेत, बौद्ध आहेत, ज्यांच्या दर्शनात जगाचा कर्ता ईश्वर नाही. या प्रसंगानंतर जेमतेम सात वर्षांनी, 14 ऑक्टोबर 1956 रोजी, मसुदा समितीच्या अध्यक्षांनीच नागपुरात लाखो लोकांसह बौद्ध धम्म स्वीकारला. त्या दिवशीच्या 22 प्रतिज्ञांतली पहिली ब्रह्मा-विष्णू-महेशांना देव न मानण्याची आहे. उपसूचना मंजूर झाली असती तर दीक्षाभूमीवरच्या त्या माणसांनी 'आम्ही' म्हणताना काय करायचं होतं?

सभागृहात काय घडलं

त्या दिवशी अध्यक्षस्थानी डॉ. राजेंद्र प्रसाद होते. कामथांनी आपली उपसूचना मांडली आणि चर्चेला अनपेक्षित वळण लागलं. आसामचे रोहिणीकुमार चौधरी उठले आणि म्हणाले की आम्ही कामरूपचे, कामाख्येचे उपासक. नुसत्या ईश्वराचं नाव घेऊन देवीला वगळणार असाल तर शाक्तांचा त्याला विरोध आहे. देवीच्या नावाने म्हणायला कामथ तयार आहेत का, असं त्यांनी विचारलं. सभेत हशा पिकला असेल, पण मुद्दा खरा होता. ईश्वरावर श्रद्धा असलेल्यांनाही एका नावाखाली आणणं सोपं नव्हतं. अगदी हिंदूंमध्येसुद्धा.

आजच्या केरळातल्या त्रावणकोर संस्थानातले पट्टम थाणू पिल्लै थोडकंच बोलले: हे शब्द घालणं म्हणजे श्रद्धेच्या बाबतीत सक्ती होईल आणि श्रद्धेच्या स्वातंत्र्याच्या मूलभूत हक्कालाच धक्का लागेल. हे बोलणारा माणूस कुठून आला होता हे पाहण्यासारखं आहे. त्रावणकोरच्या राजाने 1750 मध्ये आपलं सगळं राज्य श्री पद्मनाभाला अर्पण केलं होतं, आणि तेव्हापासून तिथले राजे 'पद्मनाभदास' म्हणून राज्य करत. कामथ ज्या अर्पणाची कल्पना मांडत होते ते त्रावणकोरने शब्दशः करून पाहिलं होतं. त्याच राज्यात 1936 च्या घोषणेपर्यंत 'खालच्या' जातींना सरकारी देवळांत पाऊल ठेवता येत नव्हतं. पिल्लै यांनी भाषणात हे काही म्हटलं नाही, ते माझं वाचन आहे. पण देवाला अर्पण केलेलं राज्य माणसांना आपोआप समान वागवत नाही, हे त्रावणकोरच्या राजकारण्याला पुस्तकात वाचावं लागत नव्हतं.

सगळ्यात धारदार भाषण हृदयनाथ कुंझरू यांचं. ते नामदार गोखल्यांनी पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे तेव्हाचे अध्यक्ष, नेमस्त परंपरेतले, आवाज न चढवणारे. आपल्या अंतरातल्या सगळ्यात पवित्र भावनेचा विषय असा वादाच्या आखाड्यात आणला गेला याचं त्यांनी दुःख व्यक्त केलं. मग त्यांनी सरनाम्याच्याच मजकुराकडे बोट दाखवलं. त्यात विचार, अभिव्यक्ती, विश्वास, श्रद्धा आणि उपासना यांचं स्वातंत्र्य प्रत्येकाला देण्याचं वचन आहे. त्याच वाक्याच्या डोक्यावर एका श्रद्धेची मोहर उमटवली तर वचन देतानाच ते मोडल्यासारखं होईल. ईश्वराचं नाव घेऊन आपण संकुचित, पंथीय वृत्ती दाखवत आहोत, असं त्यांनी स्पष्टपणे सुनावलं.

एम. तिरुमल राव यांनी शपथेचा दाखला दिला: तिथे ईश्वर आहे, पण न मानणाऱ्यासाठी पर्यायही आहे, इथे तसा पर्याय ठेवता येत नाही. भारताला ईश्वर हवा की नको हे तीनशे माणसांच्या मतावर ठरू नये. पूर्णिमा बॅनर्जी यांनी तर कामथांना विनंतीच केली की ईश्वरावर मत द्यायच्या अवघड प्रसंगात आम्हाला टाकू नका.

त्याच दिवशी गांधीजींचं नाव घालण्याचा मुद्दाही होता. आचार्य कृपलानी, ज्यांच्या गांधीनिष्ठेबद्दल कुणाला शंका नव्हती, त्यांनी ते नाव घालू नका म्हणून सांगितलं. हे संविधान केव्हाही बदलता येण्याजोगं आहे, आपल्या आदराच्या माणसाला त्यात ओढू नका. जो तर्क महात्म्याला लागू, तो परमेश्वराला अधिकच लागू पडतो. दुरुस्त करता येणाऱ्या कागदावर देव बसवला की एक दिवस त्याच्यावरही दुरुस्ती मांडली जाणार.

कामथांनी माघार घेतली नाही. त्यांनी मतविभाजन मागितलं. हात वर झाले, मोजले गेले, 41 आणि 68. आपल्या इतिहासातला हा काळा दिवस आहे, ईश्वर भारताला तारो, असे उद्गार कामथांनी काढले. बाकीच्या ईश्वरविषयक रचनाही टिकल्या नाहीत. सरनामा मसुद्याच्या रूपात स्वीकारला गेला. मराठी पाठात त्याचा शेवट 'हे संविधान अंगीकृत आणि अधिनियमित करून स्वतःप्रत अर्पण करीत आहोत' असा आहे. कामथांना अर्पण हवं होतं. ते झालं, पण लोकांनी लोकांना.

निर्णयाच्या जागा

पहिली जागा: सरनामा शेवटी घेण्याचं ठरलं तेव्हाची. कारण पटण्यासारखं होतं, आधी कलमं ठरू देत, मग त्यांना साजेशी प्रस्तावना. तोटा असा झाला की तीन वर्षांच्या श्रमाने सदस्य थकले होते, आणि ज्या प्रश्नाला कित्येक दिवस द्यायला हवे होते त्याला एक दिवस मिळाला. एकूण हात वर झाले 109. सभेची सदस्यसंख्या तीनशेच्या घरात होती. राष्ट्राच्या पायाशी ईश्वर असावा की नसावा, यावर दोन तृतीयांश सभासदांचं मत नोंदलंच गेलं नाही.

दुसरी जागा कामथांच्या हातात होती. डिसेंबर 1948 मध्ये त्यांना जे हवं होतं ते न्याय्य रूपात मिळालं होतं. पूर्णिमा बॅनर्जींची विनंती मान्य केली असती तर त्यांचं भाषण, गीतेचा श्लोक, भावना, सगळं कामकाजात राहिलं असतं आणि पराभवाचा आकडा राहिला नसता. मत मागण्याचा हक्क त्यांना होता. पण तो बजावून त्यांनी आपल्याच श्रद्धेला 41 वर आणून बसवलं. श्रद्धावंतांनी हे मत मागायला नको होतं, असं मला वाटतं, आणि ते श्रद्धेच्या हिताच्या दृष्टीनेच.

तिसरी जागा कुणाच्या फारशी लक्षात येत नाही: मतदानाची रीत. हात मोजले, नावं लिहिली नाहीत. कुणी कुठे मत दिलं याची यादी नाही. त्यामुळे पुढच्या पिढ्यांनी आपापल्या सोयीने माणसं दोन बाजूंना वाटली. आंबेडकरांच्या, पटेलांच्या नावावर वाटेल ती मतं आजही खपवली जातात.

पुढे काय झालं

सरनाम्यात ईश्वर नाही म्हणून भारताच्या कायद्यातून धर्म गेला नाही. कलम 25 प्रमाणे प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि प्रसार करण्याचा हक्क आहे, आणि त्याच कलमात हिंदू देवळं सगळ्या जातींना खुली करण्याचा अधिकार राज्याला आहे. संविधानात 1956 मध्ये आलेल्या कलम 290अ नुसार त्रावणकोर देवस्वम निधीला, म्हणजे तिथल्या देवळांच्या निधीला, दरवर्षी सरकारी रक्कम जाते. सीमारेषा धूसर आहे आणि कोर्टांना ती पुन्हा पुन्हा आखावी लागते. मुंबई राज्याने 1949 मध्येच समाजातून वाळीत टाकण्यावर बंदी घालणारा कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. नंतर महाराष्ट्राला 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा करावा लागला. सरनाम्याने हे वाद मिटवले नाहीत. पण ते वाद लढताना कुठल्याही पक्षकाराला 'राज्य तुझ्या देवाचं नाही' असं ऐकावं लागलं नाही, ही त्याची कमाई.

या कमाईचा अर्थ एका छोट्या प्रकरणात नीट दिसतो. नाशिकमधल्या एका शाळेतले शिक्षक प्रार्थनेच्या वेळी हजर राहत, पण हात जोडत नसत. शाळेने ते बेशिस्तीत मोजलं आणि त्यांची वरची वेतनश्रेणी अडली. मुंबई उच्च न्यायालयाने 2013 मध्ये निर्वाळा दिला की शिक्षकाला हात जोडण्याची सक्ती करता येणार नाही, ती मूलभूत हक्कांचा भंग ठरेल. त्याआधी 1986 मध्ये केरळमधल्या एका कुटुंबातल्या तीन शाळकरी मुलांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालय अशाच निष्कर्षाला आलं होतं: ती राष्ट्रगीताला आदराने उभी राहत होती, श्रद्धेमुळे गात नव्हती, त्यांना शाळेतून काढणं चूक. एका बाजूला प्रार्थना न मानणारा शिक्षक, दुसऱ्या बाजूला इतकी गाढ श्रद्धा की ओठ मिटलेले. संरक्षण दोघांना एकाच विचाराने मिळालं, आणि तो विचार थाणू पिल्लै यांच्या थोडक्या बोलण्यात होता.

सीमेपलीकडचा ठरावही पुढे चालत राहिला. 1956 मध्ये देशाचं नाव इस्लामी प्रजासत्ताक झालं. 1974 मध्ये संसदेने अहमदी पंथाला गैरमुस्लिम ठरवलं. कोण मुसलमान आणि कोण नाही, हे मतदानाने ठरलं. 1985 मध्ये लष्करशहा झिया-उल-हक यांनी 1949 चा ठराव प्रस्तावनेतून उचलून संविधानाचा अंमलात येणारा भाग केला. तसं करताना अल्पसंख्याकांना आपला धर्म 'मुक्तपणे' आचरता येईल या वचनातला तो एक शब्द गळाला, आणि तो परत यायला 2010 उजाडलं. चट्टोपाध्यायांनी अल्पसंख्याकांच्या भवितव्याबद्दल व्यक्त केलेली भीती कल्पनेतली नव्हती. लियाकत अली खान यांना हे सगळं अपेक्षित होतं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या ठरावात अल्पसंख्याकांसाठी चांगली वचनंही होती. पण प्रस्तावनेत ठेवलेला शब्द तिथेच बसून राहत नाही. नंतर येणारा कुणीतरी तो उचलतो.

वेगळं काय करता आलं असतं

सरनाम्याच्या चर्चेला जयकरांची 1946 मधली युक्ती वापरता आली असती: मांडणी आज, मत काही आठवड्यांनी. मधल्या वेळात कामथ, मालवीय, कुंझरू, चौधरी यांनी एका खोलीत बसून बोलायला हवं होतं. ते बसले असते तर सगळ्यांना मान्य होईल असा ईश्वर सापडला नसता, हे चौधरींच्या एका प्रश्नावरूनच कळतं. पण ते कळणं मतदानाऐवजी संवादातून झालं असतं, आणि कामथांना काळा दिवस म्हणावंसं वाटलं नसतं.

मतं नावानिशी नोंदवायला हवी होती. जबाबदारीचा प्रश्न तर आहेच, पण विरोधी मत देणाऱ्या श्रद्धावंतांच्या सन्मानासाठीही. ज्यांनी घरी पूजा करून सभेत येऊन विरोधात हात वर केला, त्यांची नावं आपल्याला ठाऊक असती तर 'नास्तिकांनी केलं' ही कहाणी जन्मलीच नसती.

मात्र सगळ्यात मोठी राहून गेलेली गोष्ट वेगळी आहे. सभेने ईश्वराला सरनाम्यात घेतलं नाही, पण का घेतलं नाही हे संविधानाच्या शब्दांत कुठे लिहिलं नाही. प्रा. शहांची उपसूचना अकरा महिने आधीच पडली होती, आणि त्या दोन उपसूचना कधी एकत्र चर्चेला आल्या नाहीत. ईश्वर नको आणि धर्मनिरपेक्ष हा शब्दही नको, मग आहे काय, याचं उत्तर कुंझरूंच्या भाषणात होतं, पण भाषण म्हणजे संविधान नव्हे. ती पोकळी 1976 मध्ये 42 व्या दुरुस्तीने सरनाम्यात 'धर्मनिरपेक्ष' हा शब्द घालून भरली गेली, आणीबाणीत, विरोधी पक्षांचे अनेक नेते तुरुंगात असताना. शब्द योग्य, वेळ अत्यंत अयोग्य. त्यामुळे आजही तो शब्द म्हणजे आणीबाणीची भर, असं म्हणायला जागा मिळते. सर्वोच्च न्यायालयाने 1994 च्या बोम्मई खटल्यात धर्मनिरपेक्षता हा संविधानाचा मूळ गुणधर्म असल्याचं सांगितलं आणि नोव्हेंबर 2024 मध्ये तो शब्द काढण्याच्या याचिका फेटाळल्या. तरी संसदेत आणि सभांत वाद उठतच असतो.

1949 च्या त्या दिवशी शहांची आणि कामथांची उपसूचना शेजारी ठेवून, पूर्ण सभा हजर असताना, आंबेडकरांकडून दोन्हींवर एक उत्तर घेता आलं असतं. शपथेच्या वेळी त्यांनी ते दिलं होतं: ज्याला ईश्वर हवा त्याला ईश्वर, ज्याला विवेक पुरेसा त्याला विवेक, आणि राज्य दोघांचं. तेच सरनाम्याबद्दल त्यांच्या तोंडून नोंदलं गेलं असतं, तर 1976 मध्ये कुणाला काही भरावं लागलं नसतं आणि आज कुणाला ते काढायची भाषा करता आली नसती.